जिंकल्यावर यायचा पाहुणा

सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या मेसमध्ये जेवणाऱ्या कोणालाही बेसबॉल कळत नव्हता, पण तिकडे जपानमध्ये काय चाललंय ते सगळ्यांना ताटावरून समजायचं. डाळीची पळी काठोकाठ भरून आली, माशाची मधली तुकडी मिळाली, तर स्वयंपाक करून वाढणाऱ्या चाचांची टीम पुढे आहे. पळी अर्ध्यावर थांबली आणि चाचा ताटाऐवजी भलतीकडेच बघत असले, तर टीम मागे पडली. वेल्डर, फिटर, क्रेनवाले, सगळे आधी वाकून मोबाइलकडे बघायचे आणि मगच ताट पुढे करायचे. एक मलयाळी फिटर तर टीमचं काही बरं होईपर्यंत ताट घेऊन दारातच थांबायचा.

मोबाइल लाल तिखटाच्या डब्याला टेकवून ठेवलेला असायचा. जपानमध्ये संध्याकाळी सहाला मॅच सुरू होते तेव्हा ओमानमध्ये दुपारचा एक वाजतो, म्हणजे ऐन जेवणाची गर्दी. चाचांचा एक हात पळीवर, एक डोळा मोबाइलवर. टीम वर्षानुवर्षं हरत होती, त्यामुळे एकूण हिशेबाने त्या मेसमध्ये लोक थोडे उपाशीच राहिले असावेत.

चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. उंच आणि थोडे वाकलेले, लुंगीवर ॲप्रन आणि डोक्यावर फिकट निळी टोपी, जिचा पुढचा भाग मधोमध मोडलेला. शुक्रवारी नमाजाला जाताना ती काढून पांढरी घालायचे आणि परत आले की पुन्हा निळी. माझे बाबा तिथे फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये फोरमन. पहिल्या दिवशी ती निळी टोपी बघून बाबा त्यांना सरळ ‘जयभीम’ म्हणाले होते. चाचांनीही ‘जयभीम, भाऊ’ म्हणत ताट वाढलं, आणि मग विचारलं की गाव कुठलं. गाव खेडकडचं, म्हणजे चाचांच्याच जिल्ह्यातलं निघालं. बाबांना टोपीचा खरा अर्थ समजला तोवर दोघांची दोस्ती झाली होती.

मी त्या मेसमध्ये वाढले असं म्हटलं तर आईला आवडणार नाही, पण दुपारी तरी मी तिथेच असायचे. आई एका नर्सरीत लहान मुलांना सांभाळायची आणि तिला सुटायला उशीर व्हायचा. म्हणून माझी स्कूल बस मला वसाहतीच्या गेटवर सोडायची. गेटवरचा ओमानी वॉचमन मला हाताला धरून मेसपर्यंत पोचवायचा आणि बाबांची शिफ्ट संपेपर्यंत मी कोपऱ्यातल्या टेबलावर अभ्यास करायचे. शाळेत आम्ही सगळे इंग्रजीत बोलायचो. मला जे काही मराठी येतं ते अर्धं आईचं आणि अर्धं चाचांचं. चाचांचं मराठी पुस्तकातल्यासारखं नव्हतं. ते ‘मला’ला ‘मना’ म्हणायचे आणि मला ‘बाय’.

बेसबॉल मला त्यांनीच शिकवला, आणि तो क्रिकेटमधून. पिचरला ते बॉलर म्हणायचे. तीनदा बॅट हुकली की आउट. धावून जायचं ते एका विकेटकडून दुसऱ्या विकेटकडे नाही, तर चौकोनात गोल. एवढं सांगून झालं की त्यांच्या जिवाला लागलेली खरी गोष्ट यायची.

“बाय, बग. टप्पाच नाय. सगळे फुलटॉस. तरी यांना मारता येत नाय.”

हे ते इतक्या मायेने म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातला कुणी पोरगा आहे आणि त्याचं जरा अवघड आहे.

टीम त्यांना एका जपानी साहेबांकडून मिळाली. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा वसाहतीत एक प्लांट उभा राहत होता आणि ते साहेब त्यावर इंजिनियर होते. मला ते थोडेच आठवतात. बारीक चण, पांढरे होत आलेले केस, उन्हाने लाल झालेले कान. त्यांच्या लोकांचा वेगळा स्वयंपाकी होता, पण एकदा चाचांनी केलेलं सांदण त्यांच्यापर्यंत पोचलं आणि मग ते रोज लॅपटॉप घेऊन आमच्या मेसमध्ये यायला लागले. सांदण म्हणजे तांदळाचा रवा नारळाच्या दुधात भिजवून, आंबवून, वाट्यांमध्ये वाफवलेलं. कोकणात मुसलमानांच्या घरी ते सणाला करतात. साहेबांचं म्हणणं होतं की त्यांची आई असंच काहीतरी वाफवायची. हे त्यांनी कोणत्या भाषेत सांगितलं कोण जाणे. साहेबांचं इंग्रजी तोडकं, चाचांचं त्याहून तोडकं. चाचा सांगायचे, “मी त्याना साहेब म्हणायचो, ते मना सान म्हणायचे. दोघांचा मान राहायचा.”

एकदा चाचा त्यांना आमच्या घरी घेऊन आले. आमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांच्या शेजारी बुद्धाची मूर्ती आहे. दार उघडल्याबरोबर चाचा बाबांना म्हणाले, “भाऊ, हे तुमच्यातले.” साहेबांनी मूर्ती बघितली, हात जोडले आणि वाकून उभे राहिले. आई घाईघाईने डोक्यावर पदर घेऊन त्यांच्याकडे बघत राहिली. चाचा मागे उभे होते, आपण एक सोयरिक जुळवल्यासारखा चेहरा करून.

साहेबांची टीम म्हणजे त्यांच्या गावाकडची टीम. सहा टीममध्ये ती बहुतेक वेळा पाचवी किंवा सहावी. साहेब लहान असताना ती एकदा पहिली आली होती, तेव्हा त्यांचे वडील त्यांना खांद्यावर घेऊन रस्त्यावर नाचले होते. त्यानंतर नाही. मॅच हरली की साहेब टोपी काढून लॅपटॉपच्या स्क्रीनला वाकून नमस्कार करायचे. चाचांनी विचारलं, हरणाऱ्यांना नमस्कार कशाला? साहेब म्हणाले होते की ते पण दिवसभर कामाला होते. चाचांना हे इतकं पटलं की तेव्हापासून तेही टोपी काढून वाकायचे. साहेब गेल्यावर मेसमध्ये रोज चारच्या सुमाराला एक उंच माणूस तिखटाच्या डब्यासमोर वाकलेला दिसायचा. नवीन आलेले कामगार चपापायचे. जुने जेवत राहायचे.

टोपी साहेबांनी आधीच दिली होती, जाताना ते एक वचन देऊन गेले. टीम पहिली आली की ते सोहारला येणार, आणि दोघं समुद्रावर बसून सांदण खाणार. हे सांगताना चाचा समुद्राकडे हात करायचे. मेसमधून समुद्र दिसत नाही, मध्ये कारखाने आहेत, पण हात मात्र बरोबर त्या दिशेला जायचा.

साहेब गेले त्या वर्षी चाचांकडे साधा फोन होता. ऑफिसमधल्या क्लार्ककडून ते रोज कॉम्प्युटरवर जपानी पान उघडून घ्यायचे. वाचता येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. साहेबांनी टीमच्या नावाची अक्षरं तेवढी ओळखायला शिकवली होती आणि त्या अक्षरांपुढे गोळ्यांची रांग असायची, काही भरलेले काळे, काही नुसते पोकळ. चाचांना वाटलं, यात काय विचारायचं. पोकळ गोळा म्हणजे भोपळा, म्हणजे हरले. भरलेला म्हणजे जिंकले. आणि त्यांच्या टीमपुढे तर काळ्या गोळ्यांची लाइनच लागली होती.

महिनाभर मेसमध्ये कधी शिरा, कधी खीर, कधी जादा तुकडी. बाबा सांगतात, तेवढे चांगले दिवस त्या मेसने परत बघितले नाहीत. चाचांनी घरी चाचींना फोन करून सांगितलं की घर झाडून ठेव, यंदा साहेब येणार, म्हणजे मग मीपण येणार. मग प्लांटच्या तपासणीला एक तरुण जपानी आला. चाचांनी त्याचा हात धरून अभिनंदन केलं. तो गोंधळला, पान बघून आणखी गोंधळला आणि शेवटी फार संकोचाने त्याने सांगितलं की त्यांच्याकडे पोकळ, पांढरा गोळा म्हणजे जिंकणं. काळा म्हणजे हरणं.

सगळी मेस हसली. चाचांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, “पण महिनाभर मी खूश होतो ना? तो महिना आता कोण परत घेनार?”

चाचींचं एक वेगळंच होतं. मी त्यांना फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलंय, खिडकीत बसून तांदूळ निवडताना. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात त्या एकट्या. चाचा दरवर्षी म्हणायचे की टीम जिंकली, साहेब आले की खलास, मी कायमचा गावी. सुट्टीवर जायचे तेही टीमचा सीझन संपल्यावर, थंडीत, आणि सीझन सुरू व्हायच्या आत परत. त्यामुळे चाचींनाही बेसबॉलची खबर ठेवावी लागायची. फोन उचलला की त्यांचा पहिला प्रश्न, “हरली?” आणि चाचा म्हणायचे, “आज जरा हरली.”

बाबांनी एकदा सुचवलं की साहेबांना गावचा पत्ता द्या, तिकडे येतील. चाचा म्हणाले, त्यांना सोहार माहीत आहे, मेस माहीत आहे. माणूस एवढ्या लांबून यायचा आणि दाराला कुलूप? बाबांनी तो विषय सोडला, कारण खरी अडचण आम्हाला सगळ्यांना माहीत होती. स्मार्टफोन आल्यावर काही वर्षं दोघं व्हॉट्सॲपवर होते. साहेब स्टेडियमचे फोटो पाठवायचे, चाचा सांदणाचे. मी नववीत असताना साहेबांचे फोटो थांबले. चाचा मात्र प्रत्येक मॅचनंतर निकाल पाठवत राहिले, एक काळा किंवा एक पांढरा गोळा, एवढाच. त्या गोळ्यांच्या खाली एकच टिक यायची. दुसरी कधी आली नाही. कितीतरी वेळा मी टेबलावरून ती लांबलचक रांग बघितली आहे. चाचा म्हणायचे, फोन बदलला असेल. ते लोक वरचेवर बदलतात.

त्यावर कोणी काही बोलायचं नाही. मलयाळी फिटरसुद्धा नाही, जो सगळ्यांना सगळ्यावरून बोलायचा.

मी मस्कतला इंजिनियरिंगला गेले. वादी कबीरला आईची मावसबहीण राहते, तिच्याकडे राहून कॉलेज करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आईने ही गोष्ट नर्सरीत सगळ्यांना सांगितली होती, बाबांनी शेडमध्ये. पहिल्या सेमिस्टरला माझे दोन विषय गेले. घरी सांगायची हिंमत नव्हती. गुरुवारच्या बसने सोहारला आले आणि घरी जायच्या आधी मेसमध्ये गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. बाबा तिथे नसतील एवढं माहीत होतं.

चाचा भांडी पालथी घालत होते. माझ्याकडे बघून त्यांनी हात पुसले.

“काळा का पांढरा?”

“काळा,” मी म्हटलं.

त्यांनी सांदणाची वाटी ताटात उलटी केली, त्यावर गूळ घातलेलं नारळाचं दूध ओतलं आणि समोर बसले. मी खाताना रडत होते, हे त्यांनी बघितलं नाही असं दाखवलं. मग ते त्यांच्या टीममधल्या एका बॉलरची गोष्ट सांगायला लागले, जो म्हणे आख्खं वर्ष हरला आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा बॉल टाकायला आला. पुढे तो जिंकला का, असं मी विचारलं. चाचा विचारात पडले. “तसा नाय,” ते म्हणाले. “पण आला ना.”

मग उठून त्यांनी निळी टोपी काढली आणि माझ्यासमोर थोडे वाकले. मला फार लाज वाटली. पण मी घरी जाऊन आईबाबांना सांगितलं.

मागच्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. मेसचा अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, म्हातारा झाला होता, त्याने मेस बंद करून जागा गोडाऊनसाठी द्यायचं ठरवलं. चाचांचंही वय झालेलं, दुसरीकडे व्हिसा मिळणं कठीण. वर्षाअखेरीला जायचं हे नक्की झालं. आणि त्याच वर्षी टीम जिंकायला लागली.

आधी कोणी मनावर घेतलं नाही. मग पांढरे गोळे वाढत गेले. टीम चौथी, तिसरी, उन्हाळा सरताना दुसरी. मेसमधल्या लोकांची पोटं भरायला लागली. बांगलादेशी पोरांनी बॅटिंग आणि फिल्डिंगचे सगळे नियम शिकून घेतले. गेटवरचा वॉचमन ड्युटी संपवून चहाला यायचा आणि टप्प्याचा प्रश्न विचारायचा. चाचींचा फोन यायचा तेव्हा त्या “हरली?” न विचारता नुसतं “काय?” विचारायच्या. त्यांनी मागचं दार रंगवून घेतल्याचं चाचांनी मला सांगितलं. मी दर दोन आठवड्यांनी यायचे, आणि दर वेळी चाचा जरा बारीक दिसायचे. आईला वाटलं, जाण्याचं दुःख आहे. मलाही तसंच वाटलं.

शेवटची मॅच शुक्रवारी पडली. ती जिंकली की टीम पहिली. नमाज उरकून सगळे आले, बाबा शेडमधला मोठा मॉनिटर घेऊन आले, आई सांदण करायला मदतीला आली. मेस अशी भरलेली मी कधी बघितली नव्हती. चाचा मात्र मॉनिटरकडे पाठ करून वाट्या पुसत होते. पुसलेल्या वाट्या पुन्हा पुसत होते. शेवटच्या डावात टीम एका रनाने मागे होती, दोघं जण धावायला तयार उभे होते, आणि बॅटवाल्याने चेंडू असा उंच उडवला की सगळी मेस उभी राहिली. वॉचमन अल्लाचं नाव घेऊन टेबलावर चढला. चेंडू कुंपणाजवळ गेला आणि तिथल्या पोराने तो उडी मारून धरला, शेवटचा आउट.

बाबा खाली बसले. मी चाचांकडे बघितलं, आणि जे दिसलं ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. कितीतरी दिवसांनी माणसाला श्वास घेता यावा तसा तो चेहरा होता.

त्यांनी टोपी काढली, मॉनिटरसमोर वाकले, फोनवरून एक काळा गोळा पाठवला आणि म्हणाले, “चला, जेवून घ्या. पुढच्या वर्षी.”

त्या दिवशी प्रत्येकाच्या ताटात मधली तुकडी होती.

तेव्हा मला कळलं. टीम जिंकली असती आणि कोणी आलं नसतं, तर चाचांना ते कळलं असतं जे आम्हाला वाटत होतं. हरण्यामुळे साहेबांना न येण्याचं कारण मिळत होतं.

निघताना चाचांकडे एक बॅग आणि सांदणाच्या वाट्यांचं एक खोकं. वाट्या त्यांनी आईला दिल्या. आईने ‘अहो, चाचींना लागतील’ म्हटलं, तर म्हणाले की गावात वाट्या आहेत, साहेब इकडे येणार. मग मला गेटवर घेऊन गेले आणि वॉचमनला मोडक्या अरबीत समजावलं. एक जपानी येईल, म्हातारा, लाल कानांचा. मेस विचारेल. त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि या मुलीला फोन करायचा. वॉचमनने माझा नंबर घेतला, छातीवर हात ठेवला आणि इन्शाल्ला म्हणाला. निळी टोपी चाचांच्या डोक्यावर होती. गाडी वळेपर्यंत ती दिसत होती. बाबा गेटवर वाकून उभे होते, जपानी साहेब आमच्या हॉलमध्ये उभे होते तसे.

आता मेसच्या जागी टायरचं गोडाऊन आहे. मी तिथून जाते तेव्हा वॉचमन लांबूनच हात हलवून विचारतो, आणि मी मान हलवते. चाचांना दर शुक्रवारी फोन करते. पाठीमागे चाचींच्या बांगड्यांचा आवाज असतो. आधी ते माझ्या परीक्षेचं विचारतात. राहिलेले दोन्ही विषय सुटले तेव्हा मी ‘पांढरा’ म्हटलं, आणि त्यांनी फोन चाचींकडे देऊन मला तेच पुन्हा बोलायला लावलं. मग विचारतात.

“कोन आला होता?”

“नाही चाचा, अजून नाही.”

“जिंकल्याशिवाय कसा येल?” ते म्हणतात. “सांगितलाय त्यांनी तसा.”

यंदाचा सीझन सुरू झालाय. वादी कबीरच्या घरात दुपारी एकला मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवते आणि जेवायला बसते. टीम जिंकावी की हरावी, हे बरेच दिवस मला ठरवता येत नव्हतं. जिंकली आणि कोणी आलं नाही तर मी चाचांना काय सांगणार, याचा विचार जेवताना येतोच. पण चेंडू उंच उडाला की मी घास हातात धरून उभी राहते, त्याला माझा इलाज नाही.

सध्या टीम दुसरी आहे. काल मी आईला फोन करून विचारलं की सांदणाचा रवा किती वेळ भिजवावा लागतो. आई म्हणाली, “तू नको काळजी करू, मी आणून ठेवलाय.”